२४ किलोबाइटचा रणगाडा

बंगळुरूतल्या एखाद्या आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये चाळिशीच्या आसपासची चार माणसं जेवायला बसलेली असतात. एक हुबळीचा, एक कोल्हापूरचा, एक मदुराईचा, एक कटकचा. चौघांच्या शाळा वेगळ्या, घरातल्या भाषा वेगळ्या. त्यांना विचारून बघावं, लहानपणी टीव्हीवर कुठले गेम खेळायचात? उत्तरं जवळजवळ एकच येतात. मारिओ. काँट्रा. टँक. बंदुकीनं बदकं मारायचा तो. आणि कुऱ्हाडी फेकत पळणारा, मध्येच स्केटबोर्डवर चढणारा आयलंडर.

आता याच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवून बघण्यासारखी आहे. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डो कंपनीनं आपल्या जुन्या यंत्राची तळहाताएवढी नवी आवृत्ती बाजारात आणली, एनईएस क्लासिक एडिशन. तिच्यात कंपनीनं स्वतः निवडलेले ३० गेम भरलेले होते. त्यात मारिओचे तिन्ही भाग आहेत. पण टँक नाही. बदकं नाहीत. आयलंडर नाही. काँट्राचा पुढचा भाग आहे, मूळ काँट्रा नाही. उलट झेल्डा, मेट्रॉइड, फायनल फँटसी ही नावं मानानं विराजमान आहेत, जी १९९०च्या दशकातल्या बहुतेक भारतीय मुलांच्या कानावरही पडली नव्हती.

म्हणजे आपल्या आवडत्या गेमची यादी निन्टेन्डोनं ठरवली नव्हती. मग ती कुणी ठरवली? या प्रश्नाचं उत्तर जपानमधल्या कारखान्यापासून बंगळुरूच्या एस. पी. रोडपर्यंत पसरलेलं आहे.

मूळ यंत्राचं नाव फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली ते तयार झालं आणि १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांचा. कामासाठीची मेमरी फक्त २ किलोबाइट. आजच्या युनिकोडमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तेवढ्या जागेत जेमतेम एका परिच्छेदाचा मावतो. त्या जागेत मारिओ कुठे आहे, किती उंच उडालाय, कासव कुठवर आलंय, नाणी किती झाली, सगळं सांभाळलं जायचं.

पडद्यावर एका वेळी ६४ हलती चित्रं दाखवता यायची, पण एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववं आलं की एखादं गाळावं लागे. म्हणून गर्दी झाली की कार्यक्रम लिहिणारे चित्रं आळीपाळीनं दाखवत, आणि शत्रू, गोळ्या लुकलुकायला लागत. मुलांना वाटायचं टीव्ही बिघडला, किंवा आईनं मिक्सर लावला.

हे मूळ यंत्र भारतातल्या बहुतेक घरांत पोहोचलंच नाही. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह १९९५ साली शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आलं, तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये. आयात शुल्कच ८० टक्के होतं. मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत फ्रीज आला असता. मुलांसाठी वाट उघडली ती तैवानकडून. तिथल्या चिप बनवणाऱ्यांनी फॅमिकॉमच्या चिपांच्या नकला काढल्या, आणि पुढे सगळं यंत्र एकाच चिपवर बसवलं. अशा यंत्राचं झाकण उघडलं तर आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा दिसतो. तेवढंच. बाकी सगळा खोका रिकामा, नजरेत भरावा म्हणून मोठा केलेला. भारतात तो लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकला गेला. पण घरात त्याला कुणी या नावांनी हाक मारली नाही. तो ‘टीव्ही गेम’ होता, आणि त्यात खोचायची ती ‘कॅसेट’.

बंगळुरूत या वस्तू शोधायच्या तर पावलं वळत ती एस. पी. रोडकडे, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्याकडे, नाहीतर मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटकडे. एस. पी. रोडचा परिसर पुणेकराला परका वाटू नये असा आहे. नगरथपेट, चिकपेट, कब्बनपेट अशा पेठांची ही जुनी वस्ती. पिढ्यान् पिढ्या घरात मराठीची आपली बोली बोलणारी भावसार कुटुंबं याच भागात आहेत. बोळ अरुंद, दुकानं खुराड्याएवढी, आणि त्यांत वायर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, जुने कीबोर्ड छतापर्यंत रचलेले. मुंबईला जे लॅमिंग्टन रोड, पुण्याला जी तापकीर गल्ली, ते बंगळुरूला एस. पी. रोड. बिघडलेलं अॅडॉप्टर बदलून मिळणार तेही इथंच.

घरी आणल्यावर खरी कसोटी टीव्हीची. बंगळुरूच्याच बीपीएलचा असो किंवा ओनिडाचा, अँटेनाची वायर काढून तिथं गेमची वायर लावायची आणि छोट्या चाकानं चॅनल जुळवत बसायचं. मुंग्या, मुंग्या, मग एकदम निळं आकाश. त्या क्षणी घरात जो ओरडा व्हायचा तो पुढच्या गल्लीपर्यंत जायचा.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती थेट आठवणीला जाऊन भिडते. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत. भारतातल्या पाल पद्धतीत हा आकडा ५० होता. गेमचा सगळा हिशेब चित्रांच्या मोजणीवर चालायचा. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर जपानी कॅसेट घातली की सगळं एक षष्ठांशानं मंद व्हायचं. मारिओ हळू पळायचा, कोजी कोन्डो यांची ती प्रसिद्ध धून संथ लयीत वाजायची. सूर मात्र जवळपास तोच राहायचा. आज कुणी मूळ जपानी वेगातला मारिओ पाहिला आणि ‘हा जास्तच घाईत आहे’ असं त्याला वाटलं, तर ती स्मरणशक्तीची चूक नसते. त्याच्या लहानपणीचा मारिओ खरोखरच सावकाश चालत होता.

आता कॅसेट. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असायचं, ‘९९९९ इन १’. यादी उघडून खाली जात राहिलं की मुलाला काही वेळानं शंका यायची. ३७व्या क्रमांकावर मारिओ, ११२वरही मारिओ, फक्त दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारा. पुढे आणखी एक, सुरुवातीलाच मोठा झालेला. खरे गेम मोजकेच. कॅसेट बनवणाऱ्यानं एकाच गेमला वेगवेगळ्या जागी सुरुवात करून दिलेली असायची, आणि प्रत्येक सुरुवात यादीत नवा गेम म्हणून मोजलेली.

हे खरे गेम कुठले निवडले जात, यातच आपल्या यादीचं उत्तर आहे. कॅसेट म्हणजे मेमरीची चिप. चिप जेवढी मोठी तेवढा खर्च. फॅमिकॉमला कुठल्याही जास्तीच्या चिपशिवाय एका वेळी ४० किलोबाइटचा गेम वाचता येई: ३२ कार्यक्रमाचे, ८ चित्रांचे. १९८४-८५च्या सुमाराचे गेम या मापात लिहिले गेले. टँक, म्हणजे नामको कंपनीचा बॅटल सिटी, १९८५, फक्त २४ किलोबाइट. डक हंट २४. एक्साइटबाइक २४. आइस क्लायंबर २४. सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर ४०, म्हणजे मापाच्या काठोकाठ. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज अडीच मेगाबाइटचा होतो. तेवढ्या जागेत १०० रणगाड्यांचे गेम बसतील.

झेल्डाची गोष्ट वेगळी. तो १२८ किलोबाइटचा, आणि खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागे. शिवाय त्यात वाचायचा मजकूरही होता. स्वस्त कॅसेट बनवणाऱ्याच्या दृष्टीनं हा सगळा तोटाच. म्हणून जे लहान, ज्याला वाचावं लागत नाही, जे पहिल्या मिनिटाला कळतं, ते कॅसेटमध्ये गेलं आणि तिथून हुबळीला, कोल्हापूरला, मदुराईला पोहोचलं. आपल्या पिढीची आवड अशी चिपच्या किमतीनं घडवली. पण त्यामुळे ती आवड कमअस्सल ठरत नाही. २४ किलोबाइटमध्ये काय काय करता येतं, याचा बॅटल सिटी हा आजही उत्तम नमुना आहे, आणि गेमच्या जागतिक इतिहासात त्याला मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

बघा ना. १३ बाय १३ चौकोनांचं मैदान. खाली मध्यभागी विटांच्या भिंतीत एक गरुड. वरून एकामागून एक २० शत्रू रणगाडे येणार, गरुड वाचवायचा. विटा फुटतात, पोलाद फुटत नाही, पाणी ओलांडता येत नाही, झाडीत रणगाडा दिसत नाही, बर्फावर घसरतो. फावडं मिळालं की गरुडाभोवती थोडा वेळ पोलादी भिंत, घड्याळ मिळालं की शत्रू जागच्या जागी थिजलेले, तीन तारे मिळवले की पोलादही फुटतं. अशा ३५ स्टेज. एवढ्या साध्या नियमांतून दर वेळी वेगळी लढाई उभी राहते.

आणि दोघांनी एकत्र खेळायचं. एक पिवळा, एक हिरवा. एकमेकांना गोळी लागली तर मरण येत नाही, क्षणभर हलता येत नाही. त्या क्षणात शत्रू गरुडापर्यंत पोहोचला की मग आतल्या खोलीतून मोठ्यांना बाहेर यावं लागे. आपल्याच गोळीनं आपलाच गरुड फोडण्याचीही सोय होती. धाकट्या भावंडाला ‘तू फक्त गरुडाजवळ उभा राहा, काही करू नकोस’ असं बजावलेलं असायचं, आणि गरुड बहुधा त्याच्याच हातून जायचा. यादीत ‘कन्स्ट्रक्शन’ नावाचा एक पर्याय होता, त्यात मैदान स्वतः रचता यायचं. दुपारभर बसून विटा मांडायच्या, भिंतींत आपल्या नावाचं आद्याक्षर काढायचं. ते साठवून ठेवायची सोय मात्र नव्हती. बटण बंद झालं की सगळं पुसलं.

काँट्रा मापानं मोठा, पण बॅटरी न लागणारा आणि पहिल्या मिनिटाला कळणारा. १९८८ची अमेरिकन आवृत्ती १२८ किलोबाइटची होती. तो कोनामीचा, बिल आणि लान्स हे दोन सैनिक, तीन लाइफ, आणि स्पर्श होताच मरण. तिसरी स्टेज धबधब्याची. तिथं पडदा वर सरकतो आणि पुन्हा खाली येत नाही. पुढचा गडी घाईघाईनं वर चढला की मागच्याच्या पायाखालची जमीन पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. ‘अरे दादा, थांब ना! मी मेलो!’ हे वाक्य १९९०च्या दशकातल्या कित्येक घरांत मे महिन्याच्या दुपारी ऐकू आलेलं आहे. ३० लाइफ मिळवायची जी किल्ली आहे, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए, ती काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ग्रेडियस या गेमसाठी पहिल्यांदा बनवली. चाचणीसाठी गेम शेवटपर्यंत खेळणं त्यांनाच जड जात होतं, म्हणून. फेब्रुवारी २०२०मध्ये ते वारले, तेव्हा बातम्यांमध्ये त्यांची ओळख या किल्लीनंच करून दिली गेली.

बंदुकीचं कोडं तर मुलांना कधी सुटलंच नाही. प्लास्टिकच्या बंदुकीतून काहीच बाहेर येत नाही, मग टीव्हीला कसं कळतं बदक मेलं? खरी गंमत अशी की गोळी टीव्हीच झाडतो. चाप ओढला की एका चित्रापुरता सगळा पडदा काळा होतो, आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारं भिंग आणि डोळा असतो. त्यानं आधी अंधार आणि मग उजेड पाहिला तर नेम लागला. नुसत्या दिव्याकडे बंदूक धरून फसवता येऊ नये म्हणून तो काळा पडदा. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ येतात, आणि कुठल्या चित्रात उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. सगळा मामला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकतो. डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवते. एक बदक असलेल्या खेळात दुसरा रिमोट घेऊन बसलेल्याला ते बदक हवं तसं उडवता येतं, हे अमेरिकेतल्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. आपल्याकडच्या कॅसेटबरोबर पुस्तिकाच येत नसे, म्हणून हे गुपित बहुतेकांना मोठेपणीच कळलं. नेम चुकल्यावर हसणारा तो कुत्रा मात्र घरच्या आवृत्तीत काही केल्या मारता येत नाही.

मारिओबद्दल जगभर इतकं लिहिलं गेलंय की एकच गोष्ट पुरे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग दिलाय, दुसऱ्याला हिरवा. ४० किलोबाइटमध्ये ३२ स्टेज बसवायच्या तर असंच करावं लागतं.

ज्यांच्या घरी टीव्ही गेम नव्हता त्यांच्यासाठी पार्लर होतं. एक रुपयाचं नाणं किंवा टोकन, आणि खेळणाऱ्याच्या मागे पाचसहा जण वाकलेले. तिथला राजा होता ‘मुस्तफा’. या नावाचा गेम जगात कुठेच नाही. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनी, १९९३, मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या चित्रकथेवर बेतलेला. चार पात्रांपैकी सर्वांत चपळ तो मुस्तफा कैरो. भारतातल्या मुलांनी त्याला उचललं आणि सगळा गेमच त्याच्या नावे करून टाकला. टँक, आयलंडर, मुस्तफा: ही नावं मूळ कंपन्यांनी दिलेली नाहीत. ती इथल्या मुलांच्या तोंडी रुळली, आणि म्हणून ती नोंदवून ठेवण्याजोगी आहेत.

पुढे संगणक आले. जॉन रोमेरोचा डेंजरस डेव्ह, जॉर्डन मेकनरचा १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया, नंतर रोड रॅश. शाळेच्या प्रयोगशाळेत चोरून चढवलेले. राजपुत्राची ती माणसासारखी धाव मेकनरनं आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण करून, चित्रामागून चित्र गिरवून काढली होती.

बंगळुरूत याच काळात एक दुसरी गोष्ट आकार घेत होती. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ साली इथं आली होती, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली. १९९७मध्ये राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह काढली, भारतातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी एक. परदेशी गेमसाठी चित्रं आणि वस्तू घडवण्याचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं. फोर्झा या शर्यतीच्या गेममालिकेतल्या मोटारी बनवण्यात तिच्या कलावंतांचा हात होता. २०१९ साली रॉकस्टार कंपनीनं ध्रुव ७९ लाख डॉलरना विकत घेतली आणि आपल्या बंगळुरूच्या स्टुडिओत सामावून घेतली. रॉकस्टार म्हणजे २००२च्या व्हाइस सिटीची कंपनी, जो गेम भारतभरच्या सायबर कॅफेंमध्ये पोरांनी तासाच्या बोलीवर खेळला.

एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपल्याकडच्या त्या कॅसेटमधून नामको, कोनामी आणि आयलंडरची हडसन या कंपन्यांच्या लेखकांना एक पैसा मिळाला नाही. पुष्कळ कॅसेटमध्ये सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नावही पुसलेलं असायचं. म्हणून ज्या मुलानं टँकच्या ३५ स्टेज पार केल्या त्याला तो कुणी बनवला हे कळलं नाही. आता कळायला काहीच अडचण नाही, आणि ती नावं जाणून घेणं ही त्या दुपारींची थोडी तरी परतफेड आहे.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. गेम जपले गेले आहेत. बॅटल सिटी आज कुठल्याही संगणकावर चालतो. पण आपलं जे होतं ते जपलं जात नाही. मंद वेगाचा मारिओ, ९९९९ची ती फसवी यादी, पुसलेली नावं, स्थानिक दुकानदारानं चिकटवलेला कागद, हे सगळं त्या कॅसेटांमध्येच आहे. आणि बंदूक तर फक्त जुन्या काचेच्या टीव्हीवर चालते. सपाट टीव्ही चित्र दाखवायला काही क्षण उशीर करतो, त्यामुळे बंदुकीच्या डोळ्याला योग्य वेळी उजेड दिसतच नाही. काचेचे टीव्ही भंगारात जात आहेत, त्यांच्याबरोबर बदकांची शिकारही चालली आहे.

तेव्हा माळ्यावर तो खोका असेल तर तो दिवाळीच्या साफसफाईत देऊन टाकू नका. कॅसेट चालत नसेल तर लहानपणीसारखी फुंकर मारू नका. तोंडातल्या दमटपणानं आतल्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, चिकटपट्टीचाही. आणि कॅसेट कुठल्या गावात, कुठल्या साली, साधारण केवढ्याला घेतली आणि घरात त्या गेमना काय म्हणायचे, हे एका कागदावर लिहून खोक्यात ठेवा.